पिशवीतला क्रम

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात घरोघर आरोग्यसेवा पोहोचवणाऱ्या आशाताईंच्या खांद्याला जी पिशवी असते, तिच्याकडे औषधांची पिशवी म्हणून पाहिलं की पाहणं तिथंच थांबतं. पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, लोहाच्या गोळ्या, कापूस, पट्टी. झाली यादी. पण काय कशाच्या आधी ठेवलंय, कशाला वरचा कप्पा मिळालाय आणि कशाला तळ, हे पाहू लागलं की या पिशवीतली रचना दिसू लागते. चांगली कविता वाचावी तितक्या सावकाशीनं ती वाचण्यासारखी आहे.

मी जवळून पाहिलेल्या पिशवीत बाहेरच्या कप्प्यात होती साबणाची डबी. बाळंतिणीच्या घरी पोहोचल्यावर पहिलं काम हात धुण्याचं, म्हणून साबण सर्वांत बाहेर. मुख्य कप्प्यात वरच सेकंद दाखवणारं डिजिटल घड्याळ, त्याच्या शेजारी थर्मामीटर, खाली कापडी झोळी आणि वजनकाटा, आणि मऊ ब्लँकेटची घडी सगळ्यांवर अंथरलेली. हा क्रम सोयीचा म्हणून पडला असेल असं आधी वाटतं. प्रत्यक्ष तपासणी पाहिली की त्यामागचा विचार कळतो. बाळाचे श्वास मोजायचे ते बाळ शांत असताना. रडू लागलं की मोजणी चुकते. म्हणून घड्याळ आधी. मिनिटभर छातीच्या हालचालीवर नजर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले तर ती धोक्याची खूण. मग काखेत थर्मामीटर, त्यासाठी दुपट्याचं एक टोक सरकवलं तरी भागतं. आणि वजन शेवटी, कारण वजनासाठी बाळ उघडं करावं लागतं. उघडं केलं की ते गारठतं, रडतं, आणि आजी लगेच म्हणते, “लेकराले उघडं नोको ठेवू, बाई.” आजीचं म्हणणं खरं असतं. पिशवीनंही ते आधीच ऐकलेलं असतं, म्हणून तर ब्लँकेट हाताशी.

वजन करण्याची रीत तर पाहत राहावी अशी. काट्याला आधी रिकामी झोळी अडकवायची, बटण फिरवून काटा शून्यावर आणायचा, मग बाळाला खाटेवरच झोळीत घेऊन काटा डोळ्यांच्या रेषेत येईल इतकं उचलायचं. काट्यावर रंगांचे पट्टे आहेत. अडीच किलोची रेघ ओलांडून हिरव्यात आलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे सैल होतात. लाल पट्ट्याकडे झुकलं की वाचता न येणाऱ्या माणसालाही कळतं की प्रकरण साधं नाही. ज्ञान एका माणसाच्या डोक्यात न ठेवता घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगायचं, ही या काट्याची थोरवी मला फार मोठी वाटते.

हे सगळं आलं कुठून? मोहाडी तालुक्यातून वाहणारी वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्याकडे जाते. पिशवी आली ती प्रवाहाच्या उलट, गडचिरोलीकडून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत खेड्यातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि नवजात बाळाची काळजी घरात नेली. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षापर्यंत २५ च्या आसपास आला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरपोच नवजात काळजीचा कार्यक्रम देशभरातल्या आशांकडे सोपवला. गडचिरोलीत न शिकलेल्या दाईंसाठी श्वास मोजण्याचं एक साधन केलेलं होतं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आज त्या जागी डिजिटल घड्याळ आलं आहे, पण विचार तोच. आकडे येत नाहीत म्हणून कोणाला बाजूला सारायचं नाही, आकडेच त्याच्या हाताला येतील असे करायचे.

जुन्या पोथीचे असतात तसे या पिशवीचेही पाठभेद आहेत. गडचिरोलीच्या मूळ पाठात जंतुसंसर्ग झालेल्या बाळासाठी जेंटामायसिनचं इंजेक्शन होतं आणि ते आरोग्यदूत स्वतः देत. देशभर गेलेल्या पाठात ते सर्वसाधारणपणे आशांच्या हाती आलं नाही; तिथं ‘लवकर ओळखा, लवकर पाठवा’ यावर भर राहिला. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, रुग्णवाहिका आल्या, हे त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. तरी मला तो गळालेला शब्द खटकतो. ‘पाठवा’ म्हणणं मोहाडी गावात सोपं. नदीपलीकडच्या करडीच्या बाजूला, श्रावणातल्या रात्री, ते तितकं सोपं नाही. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडाऱ्यातला कोणी विसरलेला नाही. रस्ता बुडाला की गावात जे आहे तेवढंच आपलं, आणि त्यात ही पिशवी असते. रुग्णवाहिकेचे १०८ आणि १०२ हे क्रमांक आत झाकणावर चिकटवलेले असतात. पण रेंज नसली तर काय, याचं उत्तर झाकणावर नाही.

दुसरा कप्पा रोवणीच्या दिवसांचा. बांध्यांमध्ये चिखल, विहिरी गढूळ, घरोघर पोटं बिघडलेली. म्हणून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या एकाच रबरात बांधलेल्या. जुलाब थांबले की लोक दोन्ही सोडून देतात. झिंक मात्र चौदा दिवस द्यायचं असतं. वेगळं ठेवलं तर एक दिलं जातं, दुसरं राहतं. एकत्र बांधलं की एकाबरोबर दुसरं निघतंच. एवढ्याशा रबरात केवढा अनुभव आहे! कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात हे रबर मला दिसलेलं नाही. ते ताईंचं स्वतःचं आहे. गर्भधारणा तपासण्याची पट्टी, निरोध, गर्भनिरोधक गोळ्या मात्र सर्वांत आत, साध्या कागदी पुडीत, कारण त्या मागणारी सून सासूसमोर मागत नाही. तळाचा हा कप्पा म्हणजे पिशवीनं राखलेलं गुपित.

आणि पाठीशी टेकलेला, सगळ्यांत जड कप्पा कागदांचा. माता-बाल संरक्षण कार्डांच्या नोंदी, गावाची वही, घरभेटींचा तक्ता. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं असेल तर पहिलाही. पावसासाठी हा कप्पा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. औषधं भिजली तर उपकेंद्रातून पुन्हा मिळतात, भिजलेली नोंद पुन्हा मिळत नाही. शिवाय सगळ्या भेटी पूर्ण झाल्याचा तक्ता भरला तरच एका बाळामागचा २५० रुपयांचा मोबदला निघतो. त्या आकड्याला मी मोबदला म्हणायला धजत नाही, पण कागदावर तोच शब्द आहे.

सज्ज राहण्यासाठी खांद्याला पिशवी लावणारे जगात पुष्कळ आहेत. सैनिकांच्या धर्तीवर शिवलेल्या, कप्प्याकप्प्यांच्या पिशव्या शहरातही मिळतात: चाकू, विजेरी, दोर, प्रथमोपचार, अडचणीत आपण तग धरावा म्हणून. त्या रचनेत कौशल्य आहे आणि तिचा मला आदर आहे. पण त्या पिशवीत ज्याच्यासाठी सारं आहे, तो तीच वाहून नेणारा असतो. आशाताईंच्या पिशवीत शोधशोध शोधलं तरी ताई सापडत नाहीत. हजार वस्तीच्या गावाची तहान, ताप, गुपितं, जन्मनोंदी सगळं आहे. ताईंची पाण्याची बाटली मात्र हातात, डबा गाडीच्या हुकाला, विजेरी ब्लाउजला अडकवलेल्या मोबाइलची. पिशवीतली ही एकच ओळ मला रिकामी वाटते. ती भरता येण्यासारखी आहे. पुढच्या वेळी नव्या पिशव्या शिवायला टाकताना बाजूला एक उभा कप्पा बाटलीसाठी आणि एक लहान कप्पा खऱ्या विजेरीसाठी ठेवावा, खांद्याचा पट्टा रुंद घ्यावा, आणि मापं ठरवायच्या आधी आंधळगाव, वरठी, करडीच्या चार आशाताईंना बोलावून त्यांच्या जुन्या पिशव्या समोर उघडायला सांगाव्यात. रबर कुठं बांधायचं, ते त्या दाखवतील.