भारहुतचे रिकामे आसन : प्रतीकार्थाचा एक प्रश्न

भारहुत स्तूपाच्या कठड्यावर बुद्धाची मानवी मूर्ती आढळत नाही. बोधिवृक्ष, धर्मचक्र, पदचिन्हे व रिकामे आसन ही त्याचीच प्रतीके होत, हे आल्फ्रेड फूशे यांचे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. सुसान हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये त्यास हरकत घेतली. अशा पुष्कळ शिल्पांत बुद्धचरित्रातील प्रसंग नसून भक्तांनी केलेली तीर्थपूजा आहे, असे त्यांचे प्रतिपादन. यावर विद्या देहेजिया यांनी १९९१ मध्ये एकाच चिन्हाचे अनेक अर्थ संभवतात, अशी भूमिका मांडली.

या वादात शिल्पांवरील कोरीव लेखांची साक्ष सर्वांत मोलाची आहे. एका शिल्पात राजा अजातशत्रू छत्राखालील आसनापुढे नतमस्तक झाला आहे. तो भगवंतास वंदन करीत आहे, असे लेख सांगतो. येथे आसन बुद्धाचे सान्निध्य सुचविते, हे उघड आहे. परंतु ज्या शिल्पावर शाक्यमुनींच्या बोधीचा उल्लेख आहे, त्यात बोधिवृक्षाभोवती मंदिर उभे दिसते. बोधिप्राप्तीच्या क्षणी तेथे मंदिर असणे शक्य नाही. लेखात प्रसंग आहे, शिल्पात मात्र उत्तरकालीन तीर्थ.

तेव्हा फूशे व हंटिंग्टन यांपैकी कोणाचाही सिद्धांत सरसकट लावता येत नाही. प्रत्येक चिन्हास एकच अर्थ नेमून देणारी कोशपद्धती येथे अपुरी पडते. चिन्हाचा अर्थ लेख, वास्तू व भोवतालच्या आकृती यांच्या संबंधातून, प्रत्येक शिल्पापुरता, निश्चित करावा लागतो.