पहाटे पाच वाजून पाच मिनिटांचं रेशीम

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या संग्रहालयात एक तिरंगा काचेआड ठेवला आहे. शुद्ध रेशमाचा, १२ फूट लांब, ८ फूट रुंद. १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे ५ वाजून ५ मिनिटांनी तो या किल्ल्यावर चढला. त्या दिवशी देशभर फडकलेल्या झेंड्यांपैकी आज फार थोडे उरले आहेत, त्यांतला हा एक. २०१३ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लोकांना पाहायला मिळतो. मी अण्णा नगरला राहते. टॉवर स्टेशनवरून मेट्रोनं सेंट्रलला यायचं आणि तिथून रिक्षा करायची. महाराष्ट्रातून पाहुणे आले की मरीना दाखवण्याआधी मी त्यांना इथं आणते. बहुतेक जण हात जोडतात आणि पुढच्या दालनाकडे वळतात. मी त्यांना थांबवते आणि म्हणते, नमस्कार झाला, आता जरा कापड म्हणून बघा.

आधी माप. तीन सारखे पट्टे, म्हणजे प्रत्येकी २ फूट ८ इंच. लांबी नऊवारीच्या निम्म्याहूनही कमी. दिवाणखान्यात अंथरला तर पाय ठेवायला जागा उरणार नाही. पण किल्ल्याची जुनी सागवानी ध्वजकाठी सुमारे १५० फूट उंच होती, आणि एवढ्या उंचीवर १२ फुटांचं कापड खालून हातरुमालाएवढं दिसतं. रेशीम इथं शोभतं ते यासाठी. जाड सूत समुद्राच्या दमट हवेनं जड होतं आणि वारा पडला की काठीला बिलगून बसतं. रेशीम थोड्याशा झुळकीनंही उलगडतं. खादीचा आग्रह असलेल्या त्या काळात रेशीम कसं, असं मला अनेकदा विचारतात. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडताना नेहरूंनी दोन नमुने दाखवले होते, एक खादी रेशमाचा आणि एक खादी सुताचा. तेव्हा रेशमी तिरंगा मुळापासून मान्यच होता.

त्याच ठरावात लांबी-रुंदीचं प्रमाण आलं, ३ला २. हा झेंडा त्यात चोख बसतो. केशरी नेमका कोणता, हिरवा किती गडद, चक्राचा व्यास किती, हे बारकावे भारतीय मानकात बांधले गेले ते १९५१ मध्ये. मधल्या काळातल्या झेंड्यांना ते माप लावणं म्हणजे नातवाच्या नियमानं आजोबांना तपासणं. ठराव आणि स्वातंत्र्यदिन यांच्यात अवघे २४ दिवस होते. एवढ्या अवधीत गावोगाव झेंडे शिवले गेले. रंगाऱ्याच्या हंडीत जो केशरी उतरला तो उतरला. म्हणून १९४७ चा म्हणून कुणी तिरंगा दाखवला आणि त्याच्या तिन्ही छटा आजच्या मानकाशी तंतोतंत जुळल्या, तर मला आनंद होण्याऐवजी शंका येते.

आता वेळ. ऑगस्टच्या मध्याला चेन्नईत सूर्य सहाच्या आसपास उगवतो. पाच वाजून पाच मिनिटांनी रंग नीट दिसलेही नसतील. आधी फक्त एक फिकट मधला पट्टा हलताना दिसला असेल, आणि उजाडत गेलं तसे वरचे-खालचे पट्टे वेगळे होत गेले असतील. पहाटेचा वारा या किनाऱ्यावर सहसा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणजे झेंड्याचं मोकळं टोक बंगालच्या उपसागराकडे असणार, जिकडून कंपनीची जहाजं आली त्याच दिशेला. १६८७ च्या सुमारास एलिहू येल गव्हर्नर असताना या किल्ल्यावर ब्रिटिश निशाण लागलं. त्यानंतर २६० वर्षांनी हे रेशीम चढलं. हे सगळं फलकावर लिहिलेलं नाही. वेळ, दिशा आणि कापड एकत्र ठेवून वाचलं की ते समोर येतं, आणि माझ्या लेखी या वस्तूचा खरा रस तिथं आहे.

झेंडा खरा कसा ठरतो? किल्ल्यातल्या तिरंग्याचं काम सोपं आहे. जिथं फडकला तिथंच राहिला, हात फार बदलले नाहीत. घरांतून जपलेल्या झेंड्यांचं तसं नसतं. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीत स्टुटगार्टला समाजवादी परिषदेत मादाम कामांनी जो ध्वज उंचावला, तो इंदुलाल याज्ञिकांनी पुढे हिंदुस्थानात आणला असं सांगतात, आणि तो पुण्याच्या केसरीवाड्यात आहे. त्याच काळातला ध्वज भावनगरला, क्रांतिकारक सरदारसिंह राणांच्या घराण्यातही जपला आहे. दोन्ही घरांची निष्ठा निर्विवाद. पण त्या दिवशी हातात नेमका कोणता होता, हे निष्ठेवर ठरत नाही. तिथं कापडाचा ताणाबाणा, शिलाईचा दोरा, अक्षरांचं वळण आणि हस्तांतराचे कागद यांनाच बोलू द्यावं लागतं. एकाहून अधिक ध्वज शिवले गेले असणं अगदी शक्य आहे, आणि तसं असेल तर दोन्ही खरे.

अण्णा नगरातल्याच एका मराठी घरी मला असा एक झेंडा पाहायला मिळाला. मंडळी मूळची विट्याकडची, इथं सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा. आजोबा मात्र फौजेत होते, मराठा पलटणीत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी एक घडी निघाली. "हा काँग्रेसचा जुना झेंडा आहे, मावशी," घरच्या सूनबाई म्हणाल्या. घडी सोडली तर हिरवा, पांढरा, लाल. पट्टे मात्र उभे, आणि पांढऱ्यात एक ढाल: तांबड्यावर पांढरा क्रूस, भोवती निळी किनार. ती इटलीच्या सॅव्हॉय राजघराण्याची ढाल. १९४६ मध्ये इटली प्रजासत्ताक झाला आणि झेंड्यावरून ती गेली. म्हणजे हे कापड त्याआधीच्या बनावटीचं. आजोबांच्या पदकांत आफ्रिका स्टार होता, कागदांत पलटण होती तिसरी. त्या पलटणीनं १९४१ च्या वसंतात एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर इटालियनांशी झुंज दिली. २७ मार्चला केरेन पडलं.

घरात एकदम उत्साह आला. केरेनवरून आणलेला झेंडा! मी त्यांना आवरलं. ढाल सांगते की झेंडा १९४६ पूर्वीच्या नमुन्याचा. पदक सांगतं की आजोबा आफ्रिकेत होते. या दोन वाक्यांच्या मधली जागा रिकामी आहे. तो केरेनला मिळाला, की नंतर कुठल्या छावणीत, की परतताना बाजारात विकत घेतला, हे कापड सांगत नाही. ज्याला झेंड्याचं प्रेम आहे त्यानं ती जागा कल्पनेनं भरू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग भिंग काढलं. कापड लोकरीचं, विरळ विणीचं, अरुंद पट्ट्या जोडून केलेलं. झेंड्यांना असंच कापड वापरत, कारण ते भिजलं तरी लवकर वाळतं आणि वारा त्यातून जातो. काठीकडच्या बाजूला जाड किनतानाचा नेफा होता आणि त्यात दोरीचा तेलकट काळपटपणा मुरलेला. मोकळ्या टोकाचे कोपरे झिजून दोरे सुटलेले. वारा टोकाला चाबकासारखा आपटतो, म्हणून खरा वापरलेला झेंडा आधी तिथं विरतो. नकली जुना झेंडा बहुधा सगळीकडे सारखाच मळका असतो, चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा. घडीच्या रेषांवर रंग उडाला होता, आणि फक्त बाहेरच्या अंगाला. ट्रंकेत जाण्याआधी तेवढाच भाग बराच काळ उजेडाकडे राहिलेला असणार. शेवटी खोलीत अंधार करून अतिनील दिव्याखाली पाहिलं. सुमारे १९५० नंतरच्या पांढऱ्या दोऱ्यांत आणि कपडे धुण्याच्या पावडरींत चमक आणणारी द्रव्यं असतात, ती या उजेडात निळसर पेटतात. इथला मूळ दोरा विझलेला होता. एका कोपऱ्यातले चार-पाच टाके तेवढे उजळले. कुणीतरी नंतर प्रेमानं डागडुजी केली होती. तेही मी नोंदवायला सांगितलं, उसवायला नाही.

फौजी घरांत सापडणाऱ्या झेंड्यांबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो, की हे पलटणीचं मानाचं निशाण. तसं निशाण रेशमाचं असतं, त्यावर लढायांची नावं भरतकामानं काढलेली असतात, आणि ते कुणाच्या ट्रंकेत जात नाही. प्रजासत्ताक झाल्यावर २३ नोव्हेंबर १९५० रोजी राजाच्या नावाची तशी निशाणं डेहराडूनच्या सैनिकी अकादमीत, चेटवुड सभागृहात समारंभानं ठेवून दिली गेली. घरी येतात ती छावणीची, गाडीवरची, खुणेची छोटी निशाणं आणि शत्रूकडून आणलेली. ती कमी मोलाची नाहीत. उलट ती एका माणसाच्या हातातून आलेली असतात.

जपण्याच्या बाबतीत मला सर्वांत भीती वाटते ती घरच्या मायेची. अमेरिकेच्या फोर्ट मॅकहेन्रीवरचा १८१४ चा मोठा झेंडा तिथल्या सेनाधिकाऱ्याच्या, आर्मिस्टेडच्या, घराण्यात होता. मूळ ३० फूट रुंद, ४२ फूट लांब. थोरामोठ्यांना आठवण म्हणून घरच्यांनी त्याचे तुकडे कापून दिले. एक अख्खा तारा गेला, लांबी ३४ फुटांवर आली. १९१४ मध्ये तो वाचवण्यासाठी लिननच्या अस्तरावर सुमारे १७ लाख टाके घालून बसवला, आणि शतकाच्या शेवटी तेच अस्तर त्याला ओढतंय म्हणून एकेक टाका काढावा लागला. आज तो मंद उजेडात, थोडा कलता, जवळपास सपाट ठेवला आहे. दुरुस्तीनं केलेलं नुकसान दुरुस्त करायला किती माणसं आणि किती वर्षं लागली, हे त्या झेंड्याकडून शिकावं.

चेन्नईची हवा तर कापडाची वैरीण. ओल, खारा वारा, कसर. किल्ल्यातल्या तिरंग्याच्या हवाबंद पेटीत ओल शोषायला भांड्यांत सिलिका जेल ठेवतात आणि उजेड मोजून देतात. रेशमी कापडाला ५० लक्स, म्हणजे मंद दिव्याएवढा प्रकाश, ही जगभर पाळली जाणारी मर्यादा. रेशमाला लागलेलं ऊन परत घेता येत नाही. घरी पेटी नको, पण पथ्य तेच. धुवायचा नाही, कारण जुना लाल रंग पांढऱ्यात उतरला की काही उपाय नाही. इस्त्री नाही, चिकटपट्टी नाही, काचेला चिकटवून चौकट नाही. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवायच्या नाहीत. घडी मोडून, धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात, जाड नळीवर सैल गुंडाळायचा; नळीवर आधी आम्लरहित कागद. कसर लागलेली दिसली तर स्वतः औषध मारू नये. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात १९३० पासून रासायनिक जतनाची प्रयोगशाळा आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आहे. आधी अशा ठिकाणच्या जाणकारांना विचारावं. आणि वस्तू १०० वर्षांची झाली की ती १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. परदेशातल्या लेकीकडे भेट म्हणून धाडता येत नाही, हेही घरच्यांना ठाऊक असावं.

विट्याच्या मंडळींनी झेंडा नळीवर घेतला तेव्हा सूनबाईंनी विचारलं, सोबतच्या चिठ्ठीत काय लिहू? ट्रंक कुणाची, कुठल्या वर्षी उघडली, आजोबांचा नंबर आणि पलटण, ढालीचं वर्णन, उजळलेले टाके कुठल्या कोपऱ्यात, हे सगळं लिहिलं. मग त्या अडखळल्या, काँग्रेसच्या झेंड्याचं गाळू ना? मी म्हटलं, तेही लिहा. ५० वर्षं या घरानं तो काय समजून जपला, ते कापडावर कुठंच उमटलेलं नाही.