आयएसओ : संवेदनशीलता की नुसते वर्धन?

डिजिटल कॅमेऱ्यांविषयीच्या लेखनात एक वाक्य हमखास आढळते : ‘आयएसओ वाढवला की संवेदक अधिक संवेदनशील होतो आणि चित्र रवाळ येते.’ वाक्य सोपे आहे. पण ते कारण चुकीचे सांगते.

बेंबळीहून धाराशिवच्या लेण्यांवर सहल गेली आहे, असे समजू. गुहेतील अंधुक उजेडात आयएसओ १०० ऐवजी १६०० ठेवला, तर शटर सोळाव्या हिश्शाइतकाच वेळ उघडे ठेवून भागते. मात्र संवेदकावर प्रकाशकणही सोळाव्या हिश्शाइतकेच पडतात. कॅमेरा तो क्षीण संकेत फक्त वाढवून दाखवतो. रेडिओचा आवाज मोठा केल्याने अँटेनाची शक्ती वाढत नाही, तसेच हे.

१०,००० प्रकाशकणांत सुमारे १०० चा, म्हणजे १ टक्का चढउतार असतो. ६२५ कणांत २५ चा, म्हणजे ४ टक्के. रवाळपणा मुख्यतः यातून येतो. दोष आयएसओचा नव्हे, अपुऱ्या प्रकाशाचा.

पडताळा वर्गातच घ्यावा. भिंगाचे छिद्र व शटरचा वेळ कायम ठेवून दोन्ही आयएसओंवर एकेक चित्र घ्या. १०० चे काळपट चित्र संगणकावर उजळा. तेही रवाळच दिसेल! वाक्य पाठ करण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी हे पाहिलेले बरे.