सोपा प्रयोग, अवघड प्रश्न

'चॅलेंजर' यानाची गोष्ट वर्गात सांगितली की मुले कान देऊन ऐकतात. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हे यान नष्ट झाले. त्यातील ७ जणांमध्ये क्रिस्टा मॅकऑलिफ ही एक शाळाशिक्षिका होती. ती अंतराळातून मुलांना धडे देणार होती.

यानाच्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यांत रबरी कडी बसवलेली असत. कुकरच्या झाकणातली रिंग करते तेच त्यांचे काम : फट बुजवून आतला वायू आत ठेवणे. रॉकेट पेटताच सांधा किंचित उघडतो. तेव्हा दबलेल्या रबराने तत्क्षणी फुगून फट भरली पाहिजे. चौकशी आयोगाचे सदस्य रिचर्ड फाइनमन यांनी या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. क्लॅम्प सोडल्यावर तुकडा काही सेकंद दबलेलाच राहिला. त्या दिवशी थंडी कडाक्याची होती. कारण सर्वांना समजले.

हे ऐकून एका मुलीने मला विचारले, "सर, एवढं सोपं होतं, तर आधीच कुणी का नाही करून बघितलं?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर फाइनमन यांच्या 'व्हॉट डू यू केअर व्हॉट अदर पीपल थिंक?' या पुस्तकात आहे. ते १९८८ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. रबराच्या दोषाची जाणीव अभियंत्यांना होती. आदल्या रात्री त्यांनी उड्डाणाला विरोधही केला. वरिष्ठांनी तो मानला नाही. यान गमावण्याची शक्यता व्यवस्थापक १ लाखात १ मानत, तर अभियंते सुमारे १०० मध्ये १. आपणही गणित करून पाहावे. व्यवस्थापकांचा आकडा खरा असता, तर रोज एक यान उडवूनही सुमारे पावणेतीनशे वर्षांत एकच अपघात झाला असता. २०११ मध्ये ही याने निवृत्त झाली, तोवर १३५ उड्डाणांत २ याने गेली होती.

पुस्तकाचा पहिला भाग मात्र अगदी घरगुती आहे. वडील गणवेशाच्या धंद्यात होते. गणवेश काढला की आत माणूसच असतो, हे त्यांनी मुलाला लहानपणीच शिकवले. पहिली पत्नी आर्लिन क्षयाने गेली, ती १९४५ साली. पुस्तकाचे नाव हे तिचेच वाक्य. तिच्या मृत्यूच्या वेळी खोलीतले घड्याळ बंद पडले. फाइनमन यांनी त्यात चमत्कार शोधला नाही. घड्याळ आधीपासून नाजूक होते. अंधुक उजेडात वेळ पाहण्यासाठी नर्सने ते उचलले असावे, असा त्यांनी तर्क केला. आणि काही महिन्यांनी दुकानात टांगलेला एक झगा पाहून, तो आर्लिनला आवडला असता या विचाराने, ते रडले.

काही वाचकांना हे दोन भाग एकमेकांशी न जुळणारे वाटतात. मला तसे वाटत नाही. स्वतःच्या दुःखातही सोयीचे उत्तर न स्वीकारणारा माणूसच बड्या अधिकाऱ्यांचे सोयीचे आकडे नाकारू शकला.

पुस्तकात उणिवाही आहेत. बहुतेक प्रसंगांत शहाणा ठरतो तो सांगणाराच. शिवाय तो प्रयोग एकट्याची झेप नव्हती. थंडीचा मुद्दा आयोगातील जनरल कुटिना यांनी सुचवला होता. त्यांना ती माहिती अंतराळवीर सॅली राइड यांच्याकडून मिळाली होती, हे त्यांनी पुढे सांगितले. तरीही लोकांच्या लक्षात राहतो तो पाण्याचा पेला.

आपण वर्गात हा प्रयोग जरूर करावा. पण रबराशी थांबू नये. रबर का दबले हे विज्ञान सांगते. माहीत असूनही यान का उडवले, हा प्रश्न मुलांनी विचारला, तर त्याला तास अपुरा पडला तरी चालेल.