भुताची पुरवणी

भयपट हा आपल्याकडे पहिल्यापासूनच पंक्तीच्या टोकाला बसवलेला पाहुणा आहे. सामाजिक चित्रपटाचा दिग्दर्शक बोलू लागला की आपण मान तिरकी करून ऐकतो. भुताचा चित्रपट काढणाऱ्याला मात्र एकच प्रश्न विचारतो, ‘तुम्हांला कधी भूत दिसले आहे काय?’ त्याने काय केले, कसे केले, कोणाकडून घेतले आणि घेतलेल्याचे काय केले, ही विचारपूस त्याच्या वाट्याला येत नाही. आणि ही विचारपूस जिथे व्हायची, ती जागा म्हणजे घरी येणाऱ्या चित्रपटाला जोडलेली पुरवणी. इंग्रजीत तिला बोनस म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. बोनस मालकाच्या मर्जीवर असतो. पुरवणी ही ग्रंथाचाच भाग असते.

या पुरवणीचा जन्म कोणत्या चित्रपटाच्या पोटी झाला हे पाहण्यासारखे आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या क्रायटेरियन या संस्थेने १९३३ च्या ‘किंग काँग’ची लेसर तबकडी काढली आणि तिच्या वेगळ्या ध्वनिपट्टीवर रोनाल्ड हेव्हर या जाणकाराचे बोलणे घातले. चित्रपट चालू आहे, आणि कोणी जाणता माणूस शेजारी बसून सांगतो आहे, अशी ही पहिली सोय. ती कोणा थोर शोकांतिकेला मिळाली नाही. एका अवाढव्य माकडाला मिळाली. कारण उघड आहे. हातभर उंचीच्या बाहुल्याला एकेका चित्रचौकटीगणिक तसूतसूने हलवून विलिस ओब्रायनने जे केले, ते सांगितल्यावाचून कळण्यासारखे नव्हते.

आपल्याकडे चित्रपट घरी आला तो पुरवणीवाचून आला. दापोलीसारख्या गावात आधी भाड्याचा व्हिडिओ आला, आणि एका रात्रीत तीन चित्रपट संपवण्याची घाई त्याच्याबरोबर आली. मग व्हीसीडी आली. तिच्या दोन चकत्या असत आणि भूत नेमके पहिल्या चकतीच्या काठावर येऊन थांबे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा पुस्तकांच्या कपाटात चित्रपटांचा एक खण झाला. माझ्या त्या खणातल्या मराठी तबकड्या मी एकेक लावून पाहिल्या आहेत. पुरवणी म्हणून त्यांत गाणी आहेत, म्हणजे चित्रपटातली तीच गाणी पुन्हा, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या चित्रपटांच्या जाहिराती. जेवण झाल्यावर यजमानाने त्याच जेवणाची यादी वाचून दाखवावी, तसा हा प्रकार.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रसिकांकडूनच येतो. भुताचे आतले सांगितले की भूत मरते; मुखवट्यामागचा माणूस दाखवला की भय कसले उरले? हा आक्षेप घेणाऱ्यांनी शिमग्यात आमच्याकडे यावे. खेळ्यांबरोबर संकासुर येतो. काळा वेष, झाकलेला चेहरा, उंच टोपी, कमरेला घुंगरे. त्याच्या आत कोण आहे हे वाडीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. काल त्याच काकांच्या मांडीवर ते बसलेले असते. तरी घुंगरे वाजली की पोर आईच्या पदराआड जाते. जाणणे आणि भिणे ही एकाच मनाची दोन कामे आहेत आणि ती एकाच वेळी चालतात. माहितीने जे भूत मरते ते आधीच अर्धमेले असते.

‘झपाटलेला’ (१९९३) घ्या. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला आणि खेळवला, त्याला आवाज दिलीप प्रभावळकरांचा, हे आम्हांला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरी तो बाहुला मान वळवतो तेव्हा आजही पोटात कालवते. महेश कोठारे यांच्या या चित्रपटाचे मूळ १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये आहे, हेही आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण खरी गोष्ट त्यापुढे सुरू होते. हॉलिवुडचा तो बाहुला यंत्रांनी आणि तारांनी चालणारा. आपला बोलक्या बाहुल्यांच्या घराण्यातला, यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटरावाचा धाकटा आणि वाईट वळणाचा भाऊ. एका परक्या कल्पनेला घरची कारागिरी मिळाली की तिचे काय होते, याचा एवढा चांगला धडा दुसरा नाही. पाध्ये यांनी तो बाहुला हातात घेऊन वीस मिनिटे बोलावे, एवढीच पुरवणी पुरती. माझ्या तबकडीवर ती नाही.

पण मला ज्याविषयी मुख्यतः लिहायचे आहे तो चित्रपट म्हणजे ‘तुंबाड’ (२०१८). दापोलीहून खेडच्या बाजूला उतरले की जगबुडीच्या खोऱ्यात तुंबाड आहे, खरेखुरे, नकाशावरचे. त्याला मराठी वाङ्मयात आणले श्री. ना. पेंडसे यांनी, म्हणजे आमच्याच तालुक्यातल्या मुर्डीच्या माणसाने, ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ च्या दोन खंडी कादंबरीत. चित्रपटाने गावाचे नाव घेतले, खोत मात्र घेतले नाहीत. चित्रपटातला सरकारवाडा सासवडच्या पुरंदरे वाड्यात उभा राहिला आहे. ज्याला कोकणातले घर माहीत आहे त्याला हे पहिल्याच दृश्यात जाणवते: एवढा उंच दगडी बुरूज आणि असा दरवाजा जगबुडीच्या काठी कुठून येणार? आमच्याकडचे मोठे घर आडवे पसरते. ते उतरत्या छपराखाली दबून बसते. मी हा दोष म्हणत नाही. राही अनिल बर्वे यांना नकाशावरचे गाव नकोच होते. त्यांना एक शापित ओले ठिकाण हवे होते, आणि पाऊस त्यांनी असा टिपला आहे की पाच महिने पावसात काढणाऱ्या आम्हां लोकांनाही तो अंगावर बुरशीसारखा चढतो. पण देशावरचा वाडा कोकणच्या नावावर का चढवला, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायला आवडले असते.

याहून मोठा प्रश्न ऋणाचा आहे. बर्वे यांनी सांगितले आहे की या कथेचे बीज १९९३ मध्ये एका मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात सांगितलेल्या नारायण धारपांच्या गोष्टीत आहे. ती गोष्ट ‘आजी’. घरात एकटा राहिलेला मुलगा आणि आतल्या खोलीतली ती भयंकर म्हातारी. आणि धारपांची ‘आजी’ ही स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेवरून आलेली. आता गंमत पाहा. किंगच्या कथेत म्हातारीला आडवी करण्यासाठी एक नाव घ्यायचे असते, हस्तूर. चित्रपटात साखळदंडाने बांधलेल्या आजीला झोपवायला नाव घ्यायचे असते, हस्तर. किंगनेही ते नाव घडवलेले नाही. ते एकोणिसाव्या शतकातल्या अँब्रोज बिअर्सच्या कथेतले, आणि तिथे हस्तूर हा मेंढपाळांचा सौम्य देव आहे! लव्हक्राफ्टच्या मंडळींच्या हातून जाता जाता तो काळवंडला, आणि शेवटी देवीच्या पोटचा लोभी थोरला मुलगा होऊन, पिठाच्या भुकेने वेडा झालेला, १९१८ सालच्या एका चित्पावनी घराच्या तळघरात येऊन बसला.

कोणी याला चोरी म्हणेल. मी म्हणणार नाही. सोन्याची हाव आणि पिठाची भूक एका जागी आणणे, पिठाच्या बाहुलीने देवाला भुलवून त्याच्या लंगोटातून मोहरा ओढणे, आणि ही विद्या बापाने मुलाला धंद्यासारखी शिकवणे, हे किंगमध्ये नाही. तिथे भय एका रात्रीचे आहे; इथे ते वतनासारखे पिढ्यांनी चालते. चित्रपटाची खरी झेप ही आहे. पण झेप किती लांब, हे मोजायला उडी कुठून मारली ती जागा दिसावी लागते. धारपांचे २००८ मध्ये निधन झाले. ज्यांच्या पुस्तकांच्या पाठी गावोगावच्या वाचनालयांत फाटून गेल्या, त्या लेखकाचे नाव चित्रपट पाहून उठलेल्या किती जणांना ठाऊक असते? मी दोन-चार तरुणांना विचारले. हस्तरविषयी ते तासभर बोलू शकत होते. धारप कोण, हे त्यांनी मलाच विचारले.

चित्रीकरणाच्या काही फिती नंतर यूट्यूबवर आल्या. त्यांत पाहण्यासारखे आहे, नाही असे नाही. बर्वे यांनी पहिला खर्डा १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी लिहिला. पुढे सातशे पानांची चित्रसंहिता काढली. २०१२ मध्ये चित्रीकरण केले, आणि २०१५ मध्ये पुष्कळसा भाग पुन्हा केला. सोहम शाह यांच्या मुलाची भूमिका करणारा मोहम्मद समद हाच पोरगा रंगाच्या थरांखाली त्या म्हातारीच्याही भूमिकेत आहे. हे कळल्यावर मी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि तो मला निराळाच दिसला. घराण्याचा शेवटचा अंकुर आणि घराण्याचा सडलेला बुंधा एकाच देहात! हे दिग्दर्शकाने योजून केले की सोयीपायी झाले, मला ठाऊक नाही. पण अर्थ तर पडद्यावर उमटला आहे. एका माहितीने भय कमी झाले नाही, त्याला खोली आली. फितींतले बाकीचे बरेचसे बोलणे मात्र ‘फार कष्ट पडले’ आणि ‘सगळे एका कुटुंबासारखे होतो’ या जातीचे. लग्नाच्या पंगतीतही माणसे हेच बोलतात.

‘लपाछपी’ (२०१७) ला एक वेगळीच पुरवणी मिळाली. दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी स्वतःच तिची हिंदी आवृत्ती ‘छोरी’ (२०२१) केली, आणि ती थेट घरीच प्रदर्शित झाली. दोन्ही लागोपाठ पाहाव्यात. तोच ऊस, तीच गर्भार बाई, तीच पोरे; हिंदीत मात्र प्रत्येक भय दोनदा समजावून सांगितलेले. कुठल्याही भाष्याने कळले नसते इतके दिग्दर्शकाचे मन यातून कळते, आणि मराठी प्रेक्षकावर त्याने किती विश्वास टाकला होता हेही.

आता तबकडीही गेली. चित्रपट तारेवाटे येतो आणि कंपनीचा करार संपला की रातोरात निघून जातो. पण मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. चित्रपट संपतो, नावे वर सरकू लागतात, आणि तेवढ्यात ती आक्रसून कोपऱ्यात जातात. पुढचा चित्रपट पाच सेकंदांत सुरू होत असल्याची सूचना येते. आमच्या गरिबीत तेवढी एकच पुरवणी शिल्लक होती. रंगभूषा कोणाची, कंदिलाच्या उजेडात कॅमेरा कोणी धरला (‘तुंबाड’मध्ये पंकज कुमार यांनी, आणि तो उजेड विसरण्यासारखा नाही), मूळ कथा कोणाची, हे सारे तिथेच लिहिलेले असते.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा चित्रगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. घरी पाहून झालेलीच माणसे तिकीट काढून पुन्हा गेली. सगळे माहीत असून गेली. अशा प्रेक्षकाला आणखी थोडे सांगितले तर तो पळून जाईल, असे चित्रपटवाल्यांनी समजण्याचे कारण नाही. ती सातशे पाने कुठेतरी असतीलच. ती छापावीत, सोबत धारपांची ‘आजी’ द्यावी, आणि तिच्या खाली किंगचे नाव स्पष्ट अक्षरांत घालावे. किंमत अठ्ठावीस रुपयांहून पुष्कळ जास्त ठेवली तरी चालेल.