टाउन म्हणजे कुंपण

हॅम्लेट, व्हिलेज, टाउन, सिटी ही इंग्रजीतील चढती भाजणी आपण शाळेत शिकतो आणि वाडी, खेडे, शहर, महानगर असे प्रतिशब्द लावून मोकळे होतो. अनुवाद वाचताना मला ही भाजणी नेहमी खटकते. माझ्या मते हे शब्द मुळात डोकी मोजत नाहीत. जमीन कोणाची आणि हक्क कोणाचा, हे सांगतात.

‘टाउन’चे जुने रूप ‘टून’. अर्थ, कुंपण घातलेली जागा. याच कुळातला जर्मन शब्द आजही कुंपणाला वापरतात, डच शब्द बागेला. आपली ‘वाडी’ही संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण यावरून आलेली, आणि कोकणात नारळी-पोफळीच्या बागेलाही वाडीच म्हणतात. म्हणजे व्युत्पत्तीने टाउनची सख्खी बहीण शहर नव्हे, वाडी!

‘सिटी’च्या मुळाशी लॅटिन ‘सिव्हिटास’ आहे, म्हणजे नागरिकांचा समुदाय. तट-इमारतींच्या शहराला रोमन लोक ‘उर्ब्स’ म्हणत. ब्रिटनमध्ये सिटी हा आजही राजसत्तेने द्यायचा दर्जा आहे. वेल्समधील सेंट डेव्हिड्सची वस्ती दोन हजारांच्या आत, तरी १९९४ साली तिला तो मिळाला. दीड लाखांहून अधिक वस्तीचे रेडिंग मात्र अजून टाउनच आहे.

‘व्हिलेज’ आला ‘व्हिला’वरून. व्हिला म्हणजे धनिकाची शेतवाडी. त्या जमिनीशी बांधलेला कुळवाडी तो ‘व्हिलेन’. उमरावांच्या तुच्छतेने पुढे त्याचाच सिनेमातला खलनायक झाला. मराठीनेही नगरावरून ‘नागर’ आणि गावावरून ‘गावंढळ’ घडवलेच.

ही मुळे ध्यानात घेतली की ऑलिव्हर गोल्डस्मिथची १७७० सालची ‘द डेझर्टेड व्हिलेज’ ही कविता वेगळी दिसू लागते. त्या काळी पार्लमेंटच्या कायद्यांनी इंग्लंडमधली सामाईक गायराने कुंपणात जात होती. ‘ओसाड गाव’ असे शीर्षकाचे सरळ भाषांतर केले, तर मराठी वाचकाला दुष्काळ किंवा प्लेग आठवेल. कवितेतले गाव मात्र एका श्रीमंताला तळे आणि उद्यान हवे म्हणून रिकामे झाले आहे. ऑक्सफर्डशायरमधील न्यूनहॅम कोर्टनी हे गाव १७६०च्या सुमारास एका उमरावाने आपल्या उद्यानासाठी हलवले. अनेक अभ्यासक कवितेचा धागा तिथे जोडतात.

मराठी ‘गावा’त पांढरी आणि काळी दोन्ही येतात आणि मिरासदाराचा पिढीजात हक्कही येतो. त्यामुळे ‘गाव’ म्हणताच आपण मुळे धरून बसलेली माणसे गृहीत धरतो. गोल्डस्मिथच्या व्हिलेजमध्ये कोणी राहायचे, हे जमीनमालक ठरवतो. दोन शब्दांतले हे अंतर अनुवादकाने नजरेआड केले, तर कवितेचा संताप हळहळीत विरतो.

म्हणून मी शीर्षक सुचवीन, ‘उठवलेले गाव’. मुळशीपासून कोयनेपर्यंत धरणांनी उठवलेल्या गावांमुळे हे क्रियापद आपल्याला नीट कळते. ‘ओसाड’ला कर्ता नसतो; ‘उठवलेले’ म्हटले की ‘कोणी?’ हे विचारावेच लागते. गोल्डस्मिथची कविता तेच विचारते आहे.