वायुसेनापती आणि त्याचे पत्र

सेनानायकांची चरित्रे वाचताना आम्हांस एक अडचण नेहमी जाणवते. चरित्रकार नायकाच्या तोंडचे एखादे चटकदार उत्तर उचलतो आणि त्यावर त्याच्या शीलाचा सारा डोलारा उभारतो. आपल्याकडील उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबच्या बाजूने पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असता संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी हवाई दलाचे प्रमुख अर्जनसिंग यांस, विमाने केव्हा निघतील, असे विचारले. आणि ‘तासाभरात’ असे शांत उत्तर मिळाले. विमाने खरोखरच तासाच्या आत निघाली. मात्र त्याच संध्याकाळी जुनाट व्हॅम्पायर जातीची आपली चार विमाने पडली, हे या कथेत सहसा कोणी सांगत नाही. अर्जनसिंगांचे मोठेपण त्यामुळे उणावते असे नव्हे. ते इतर पुष्कळ गोष्टींवर उभे आहे. आमचे म्हणणे एवढेच की, अशा उत्तरावरून तत्परता कळते, अंतरंग कळत नाही.

वायुदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची पारख मुळातच कठीण. तो स्वतः विमान घेऊन वर जात नाही. तो नकाशा आणि दूरध्वनी यांच्या सान्निध्यात बसतो. वर जातात ती विशी-बाविशीतील मुले. त्याचे धैर्य दिसावे असे रणांगणच त्यास नसते. मग ते शोधावे कोठे? आमचे उत्तर ऐकून वाचकांस हसू येईल, पण ते आम्ही विचारपूर्वक देत आहो: त्याच्या कचेरीतील पत्रव्यवहारात. केंद्र सरकारच्या सेवेत कारकुनी करण्यात आमची बारा वर्षे गेली आहेत, तेव्हा या मतात धंद्याचा पक्षपात असेल, तर तो आम्हांस मान्य आहे.

ज्या पत्रामुळे आम्ही या मतास आलो ते एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग यांचे, १६ मे १९४० चे. डाउडिंग हे १९३६ पासून ब्रिटनच्या फायटर कमांडचे, म्हणजे लढाऊ विमानांच्या दलाचे, प्रमुख होते. फ्रान्स कोसळत होता. तेथील सरकार आणखी विमानांसाठी आर्जवे करीत होते आणि चर्चिल यांचे मन द्रवत होते. आदल्याच दिवशी डाउडिंग मंत्रिमंडळापुढे आपली बाजू मांडून आले होते, तरी दुसऱ्या सकाळी आणखी चार स्क्वाड्रनइतकी विमाने पाठविण्याचे ठरलेच. तेव्हा त्यांनी हवाई मंत्रालयास पत्र लिहिले.

पत्र दहा क्रमांकित परिच्छेदांचे आहे. आरंभ सरकारी शिष्टाचाराचा. मग मंत्रालयास त्याच्याच अंदाजाची आठवण: देशाच्या रक्षणास बावन्न स्क्वाड्रन लागतात, असे आपण ठरविले होते, आज माझ्यापाशी सुमारे छत्तीस उरल्या आहेत. यानंतर जी मागणी येते तीत या पत्राचे सारे मर्म आहे. डाउडिंग ‘विमाने पाठवू नका’ अशी नुसती विनवणी करीत नाहीत. किती स्क्वाड्रन देशात ठेवायच्या तो आकडा मंत्रालयाने ठरवून कळवावा, आणि तो गाठला की, कितीही हाका आल्या तरी, खाडीपार एकही लढाऊ विमान जाणार नाही अशी हमी द्यावी, असे ते मागतात. फायलीवर आकडा लिहिणे म्हणजे काय, हे कोणत्याही कारकुनास विचारावे. तोवर जबाबदारी हवेत तरंगत असते. आकडा लिहिला की ती लिहिणाऱ्याच्या नावावर चढते. अखेरच्या परिच्छेदात दोन ‘जर’ आहेत. पुरेसे दल येथे राहिले, तर हा देश काही काळ, कदाचित अनिश्चित काळ, एकटा लढू शकेल. फ्रान्स सावरण्याच्या धडपडीत ते संपले, तर फ्रान्सबरोबर हाही देश कायमचा बुडेल. संबंध पत्रात राजीनाम्याची धमकी नाही, आपल्या सेवेचा उल्लेख नाही. तीन दिवसांनी चर्चिल यांनी यापुढे लढाऊ स्क्वाड्रन देशाबाहेर जाऊ नयेत असा निर्णय दिला.

येथे थोडे आत्मनिवेदन. एकदा एका कामास मनुष्यबळ अपुरे आहे, ते मुदतीत होणे ‘अशक्य’ आहे, असा मसुदा आम्ही केला होता. वर जाता जाता त्याचे ‘अडचणीचे होण्याचा संभव’ असे झाले, आणि आम्ही तो तसाच टंकून दिला. काम अर्थातच मुदतीत झाले नाही. तेव्हापासून हे पत्र आम्ही निराळ्या दृष्टीने वाचतो.

चर्चिल यांनी पुढे आपल्या युद्धेतिहासात लिहिले की, पंचवीस स्क्वाड्रन पुरतील असे खुद्द डाउडिंग यांनीच आपणांस सांगितले होते. डाउडिंग यांनी ते नाकारले. दोन थोर पुरुषांच्या स्मरणाचा असा तंटा लागला तर वाचकाने काय करावे? बावन्नचा आकडा तारखेसह कागदावर आहे. आम्ही कागदाच्या बाजूचे.

परंतु कागदाची ही कसोटी त्यांच्या चाहत्यांसही लावली पाहिजे. बेसिल कॉलियर यांचे चरित्र १९५७ मधील, संयत आहे. १९६९ मध्ये आलेले रॉबर्ट राइट यांचे पुस्तक मात्र अन्यायाच्या भावनेने पेटलेले. राइट हे डाउडिंग यांचे युद्धकाळातील सहायक. त्यांची निष्ठा आदरणीय, पण निष्ठा हा चरित्रकाराचा गुण होईलच असे नाही. एका दूरध्वनीने, तडकाफडकी, डाउडिंग यांस दूर केले, हे त्यांचे कथन पुढील अभ्यासकांना कागदपत्रांशी जुळलेले दिसले नाही. हवाई मंत्र्यांशी नोव्हेंबरच्या मध्यास भेट झाल्याचे त्यांना आढळले. वृद्ध सेनापतीच्या स्मृतीत ती भेट निसटली असेल. चरित्रकाराने ती शोधावयास हवी होती. त्याच वर्षीच्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी उभा केलेला डाउडिंग सुंदर आहे, आणि म्हणूनच थोडा धोक्याचा: मौन हे तेथे केवळ भूषण होऊन बसते.

ते तसे नव्हते. डाउडिंग यांस सहकारी ‘स्टफी’, म्हणजे घुम्या, म्हणत. आमच्या वार्षिक मूल्यमापनाच्या नमुन्यात व्यक्तिमत्त्व, नैतिक धैर्य, नेतृत्व अशी निरनिराळी कलमे असून प्रत्येकास दहापैकी गुण द्यावयाचे असतात. शेवटी त्यांची सरासरी काढतात, आणि डाउडिंग यांच्यासारखा माणूस नेमका त्या सरासरीत हरवतो. त्यांच्या निवृत्तीची तारीख वरिष्ठ पुन्हा पुन्हा पुढे ढकलीत होते. एक तारीख तर १४ जुलै १९४० होती, म्हणजे ब्रिटनच्या आकाशातील ते युद्ध सुरू झाल्यावर अवघ्या चार दिवसांनी! जुलैच्या आरंभी तीही ऑक्टोबरअखेरपर्यंत ढकलण्यात आली. अशा टांगणीवरही त्यांनी ते युद्ध चालविले, आणि त्यात त्यांचा मुलगा वैमानिक होता.

मात्र त्यांच्या हाताखालचे दोन सेनाधिकारी, कीथ पार्क आणि लेह-मॅलरी, एकमेकांशी झगडत असता त्यांनी काय केले? अकरा क्रमांकाच्या गटाचे पार्क शत्रू येताच थोडीथोडी विमाने चढवीत. बारा क्रमांकाचे लेह-मॅलरी अनेक स्क्वाड्रनचा मोठा थवा जमविण्याच्या मताचे. आमच्या मते पार्क बरोबर होते. पण योग्य-अयोग्याचा निवाडा करून एकास आवरणे हे प्रमुखाचे काम होते, आणि कित्येक आठवडे ते झाले नाही. १७ ऑक्टोबरला हवाई मंत्रालयात बैठक भरली. लेह-मॅलरी आपल्या बाजूने डग्लस बेडर या स्क्वाड्रन लीडरला बरोबर घेऊन आले. पार्क यांच्या हाताखालचा एकही स्क्वाड्रनप्रमुख तेथे नव्हता. अध्यक्ष होते शोल्टो डग्लस, जे महिनाभराने डाउडिंग यांच्याच जागी आले. मंत्रालयापुढे दहा परिच्छेदांत भिंतीसारखा उभा राहणारा हा पुरुष त्या खोलीत जवळजवळ निष्प्रभ ठरला. रात्रीच्या बाँबवर्षावावर त्यांस उपाय सापडेना, हेही त्यांच्या विरुद्ध गेले, आणि ते अगदी अन्यायाचे होते असे आम्हांस म्हणवत नाही.

१९४१ मध्ये हवाई मंत्रालयाने या युद्धाची माहितीपुस्तिका काढली. तीत डाउडिंग हे नावच नव्हते. चर्चिलदेखील संतापले. डाउडिंग यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला अधिकृत वृत्तांत सादर केला, जो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. तोही क्रमांकित परिच्छेदांतच आहे. त्यात शत्रूच्या प्रत्येक नव्या चालीबरोबर आपली पद्धत बदलीत गेल्याबद्दल पार्क यांची मनःपूर्वक प्रशंसा आहे. ते शब्द वाचताना आम्हांस संतोष होतो, आणि लगेच दिनांकाकडे दृष्टी जाते: पार्क यांस त्यांच्या गटातून हलवून प्रशिक्षणाच्या कामावर पाठविल्यास तेव्हा आठ महिने होत आले होते.